उन्माद, नैराश्य आणि घर : दोन पुस्तकांच्या निमित्ताने

आपल्या मंडळाच्या सहलीत किंवा गणपतीच्या जेवणाच्या रांगेत दुखण्यांविषयी अगदी मोकळेपणाने बोलले जाते. कोणाची साखर किती, कोणाच्या किती रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले, गुडघा कोणी बदलून घेतला, हे सर्वांना ठाऊक असते. मनाचे दुखणे मात्र या यादीत नसते. एखादा हुशार मुलगा कॉलेजचे दुसरे वर्ष अर्धवट टाकून घरी परततो, आई-वडील 'सध्या जरा ब्रेक घेतलाय' एवढेच सांगतात आणि ऐकणारेही विषय बदलतात. दोन्ही बाजूंचा हेतू चांगलाच असतो. पण त्या घराला मदतीची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच ते एकटे पडते.

बायपोलर, म्हणजे पूर्वी ज्याला 'मॅनिक डिप्रेशन' म्हणत तो आजार, बहुधा याच वयात, पंधरा ते पंचविशीच्या दरम्यान, पहिल्यांदा डोके वर काढतो. या आजारावरची दोन पुस्तके आपल्या वाचकांनी एकापाठोपाठ एक वाचावीत असे मला वाटते. पहिले के रेडफील्ड जॅमिसन यांचे 'अ‍ॅन अनक्वाएट माइंड' हे १९९५ सालचे आत्मकथन, आणि दुसरी जेरी पिंटो यांची 'एम अँड द बिग हूम' ही २०१२ सालची कादंबरी. एक आजाऱ्याने लिहिलेले आहे, तर दुसरीत आजारी आईचा मुलगा बोलतो.

जॅमिसनबाई स्वतः मानसशास्त्रज्ञ. याच आजारावर फ्रेडरिक गुडविन यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला जाडजूड ग्रंथ १९९० साली निघाला. डॉक्टरांनी अभ्यासायचा ग्रंथ लिहिणाऱ्या बाईंनी पाच वर्षांनी जगाला सांगितले की, मीही या आजाराची रुग्ण आहे. १९७४ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात त्या प्राध्यापकी करू लागल्या आणि काही महिन्यांतच उन्मादाने त्यांना गाठले. झोप नाही, विचारांना थांबा नाही, आणि खरेदीला तर धरबंधच नाही. सापाच्या विषावरच्या औषधांच्या पेट्यासुद्धा त्यांनी विकत घेतल्या! पुढे बिलांचा ढीग समोर आला तेव्हा भावाने शेजारी बसून एकेक बिल निस्तरले आणि स्वतः कर्ज काढले. मला हा भाग पुस्तकातला सर्वांत मोलाचा वाटतो. उन्माद म्हणजे नुसता आनंदाचा कडेलोट नव्हे, त्याची बिले नंतर येतात आणि ती बहुधा दुसऱ्यालाच भरावी लागतात, हे इतक्या साधेपणाने क्वचितच सांगितले गेले असेल.

पुस्तकाचा कणा आहे लिथियम. १९४९ साली जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी त्याचा उपयोग दाखवून दिला, आणि अमेरिकेत त्याला १९७० साली मान्यता मिळाली. औषध गुणकारी असूनही बाई ते पुनःपुन्हा सोडत राहिल्या. गोळ्यांमुळे पुस्तक वाचणेही अवघड झाले होते, आणि उन्मादाच्या सुरुवातीचा तो झळाळता काळ हातचा सुटत होता. या हट्टाची किंमत त्यांनी जवळजवळ प्राण देऊन मोजली; आत्महत्येसाठी त्यांनी वापरले तेही लिथियमच. 'बरे वाटते तर गोळी कशाला?' हा प्रश्न आपल्याही घरांत विचारला जातो. याचे इतके प्रामाणिक उत्तर मी अन्यत्र वाचलेले नाही. लिथियम गोडीने कसे स्वीकारावे याची एक उपरोधिक नियमावलीही त्यांनी दिली आहे. पाहुणे येण्याआधी औषधांचे कपाट रिकामे करा, असा एक नियम त्यात आहे. तो वाचून आपल्यातले पुष्कळजण मनातल्या मनात हसतील, आणि लगेच गंभीर होतील.

तरीही पुस्तकाला मर्यादा आहेत. बाईंना उत्तम डॉक्टर लाभले, समजूतदार सहकारी लाभले, आणि पद पक्के झाल्यावर बोलण्याची सोय लाभली. व्हिसा नोकरीवर टांगलेला असणाऱ्याला ती सोय नसते. दुसरे म्हणजे, लिथियम उपलब्ध असेल तर हा आजार मी पुन्हा पत्करीन, असे त्या अखेरीस म्हणतात. हा निर्णय त्यांचा, आणि तो त्यांनी किंमत मोजून घेतलेला आहे. पण ते बिल भरणाऱ्या भावाला विचारले असते तर? त्याचे उत्तर या पुस्तकात नाही.

ते उत्तर शोधायला पिंटोंच्या कादंबरीकडे यावे लागते. माहीमच्या लहानशा फ्लॅटमध्ये राहणारे हे गोव्याचे ख्रिस्ती कुटुंब. आई इमेल्डा म्हणजे एम, वडील ऑगस्टीन म्हणजे बिग हूम, मुलगी सुझन, आणि नाव नसलेला निवेदक मुलगा. शांता गोखले यांनी केलेला 'एम आणि हूमराव' हा मराठी अनुवादही आहे. मुंबईत वाढलेल्यांनी तो आवर्जून मिळवावा. एम बिड्या ओढते, चहावर चहा पिते आणि मुलांशी ज्या विषयांवर आई बोलत नाही त्या सगळ्यांवर बोलते. तिच्या बोलण्याला आपण खळखळून हसतो आणि पुढच्याच पानावर जे. जे. रुग्णालयाच्या वॉर्ड नंबर ३३ मध्ये जाऊन पोहोचतो. घरात लपायला दुसरी खोली नसते, त्यामुळे आईचा आजार हेच घराचे हवामान होते. मुलगा तिच्यावर प्रेम करतो, तिच्यावर चिडतो, आणि सतत एका भीतीत जगतो की, हे उद्या माझ्यातही उगवेल का?

ही भीती निराधार नाही. आई किंवा वडिलांना हा आजार असेल तर मुलांचा धोका इतरांपेक्षा बराच वाढतो. परंतु अशा घरांतल्या बहुतेक मुलांना तो होत नाही, हेही तितकेच खरे. जॅमिसनबाईंना एका डॉक्टराने 'तुम्ही मुले होऊ देऊ नका' असे तोंडावर सुनावले होते. आपल्याकडे हे काम स्थळे पाहणारी मंडळी करतात, आणि म्हणून आजार लपवला जातो. लपवलेला आजार लग्नानंतर सहा महिन्यांत, गोळ्या चोरून घेणे जमेनासे झाले की, दोन घरे मोडून बाहेर येतो.

कादंबरीविषयी माझी एकच तक्रार आहे. एम इतकी लखलखीत उतरली आहे की बिग हूम तिच्या प्रकाशात अंधुक राहतात. ते नोकरी करतात, बाजार करतात, रुग्णालयात धावतात आणि बोलत नाहीत. मुलाने त्यांना खडक मानले आहे. खडकही झिजतो, पण ते झिजणे पानावर फारसे येत नाही. शुश्रूषा करणाऱ्याचे मौन हा सद्गुण समजण्याची सवय आपल्याला आधीच आहे. कादंबरीने तिला थोडा धक्का द्यायला हवा होता.

या पुस्तकांत उपचारांचे सल्ले शोधू नयेत, ते डॉक्टरांना विचारावेत. पण विचारायचे काय, हे आपल्याला माहीत हवे. झोपमोड हे उन्मादाचे एक ओळखीचे निमित्त आहे, आणि भारतात जाता-येता दिवस-रात्र उलटी होतेच. मे महिन्यातल्या उन्हात अंगातले पाणी कमी झाले, किंवा अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन घेतले, तर रक्तातले लिथियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. नुसते नैराश्य समजून दिलेल्या गोळ्यांनी काहींना उन्मादाचा झटका येतो. म्हणून पूर्वी कधी 'खूप उत्साहाचे' दिवस होते का, हे डॉक्टरांना घरच्यांनीही सांगावे लागते.

जॅमिसनबाईंना 'बायपोलर' हा शब्द फार गुळगुळीत वाटतो; त्यांना जुनेच नाव पसंत आहे. आपल्यापुढचा प्रश्न त्याच्याही अलीकडचा आहे. 'वेड' आणि 'जरा टेन्शन' या दोन शब्दांच्या मधली सगळी जागा आपण मोकळी ठेवली आहे. जॅमिसनबाईंनी ती जागा रुग्णाच्या बाजूने भरली, पिंटोंनी मुलाच्या बाजूने. नवऱ्याच्या, बायकोच्या, भावाच्या बाजूने लिहिलेले पुस्तक मला अजून वाचायचे आहे, आणि ते मराठीत वाचायला मिळाले तर अधिक आनंद होईल.