पाचशे रुपयांची कुटी आणि ॲक्रिंग्टन स्टॅन्ली

ज्या संहितेविषयी लिहायचे आहे ती छापलेली नाही. दोनशे पानी, रेघांची, शाळेत वापरतात तसली ती एक वही आहे आणि तिची जेमतेम चाळीस पाने भरली आहेत. वही माझ्या भाच्याची. हिंगणघाटजवळच्या गावातून तो वर्ध्याला शिकायला आला, दोन वर्षांपासून आमच्याकडे राहतो आणि रात्रीची जेवणे झाली की संगणकावर फुटबॉल खेळतो. ईए स्पोर्ट्सच्या या खेळात ‘करिअर मोड’ नावाचा एक भाग असतो. त्यात एक सामना जिंकला की संपले असे नसते. एखाद्या क्लबचे व्यवस्थापकपद घ्यायचे, खेळाडू विकत घ्यायचे, विकायचे, पोरे तयार करायची आणि हंगामामागून हंगाम हा संसार रेटायचा. वही मी चोरून वाचलेली नाही. “वाचा ना मामा, लपवण्यासारखं काय आहे त्यात,” असे म्हणून त्यानेच हातात दिली.

पहिल्या पानावर ‘माझे नियम’ असे शीर्षक आहे. ऑफसाइड, पिवळे कार्ड वगैरे खेळाचे नियम यंत्रातच असतात. हे नियम मात्र यंत्राने मागितलेले नाहीत आणि मोडले तर यंत्राला कळतही नाही. एका हंगामात तीनच खेळाडू विकत घ्यायचे. तीन महिने पाहणी केल्याशिवाय कोणाला घ्यायचे नाही. ॲकॅडमीतली दोन पोरे संघात कायम हवीत. मोठ्या क्लबाने रास्त किंमत देऊ केली आणि खेळाडूला जायचे असेल तर अडवायचे नाही. हरलेला सामना पुन्हा खेळायचा नाही. असे वीसेक नियम, काही खोडलेले, काही समासात वाढवलेले.

कशाला, असे मी विचारले. “मामा, नाहीतर चार वर्षांत ॲक्रिंग्टन स्टॅन्ली युरोपात कप जिंकते. असं असतं का कुठं?”

नसते. ॲक्रिंग्टन हे इंग्लंडच्या लँकेशायरमधले लहानसे गाव. स्टॅन्ली हा तिथला क्लब कर्जापायी 1962 साली फुटबॉल लीगमधून बाहेर पडला, पुढे बंद पडला, 1968 मध्ये पुन्हा उभा राहिला आणि लीगमध्ये परतायला त्याला 2006 साल उजाडले. ज्या क्लबाच्या एका पुनरागमनाला चव्वेचाळीस वर्षे लागली, तो पडद्यावर चार हिवाळ्यांत राजा होतो. दोष खेळणाऱ्याचा नाही, खेळाच्या उदारपणाचा आहे. कोणता पोरगा मोठा होणार याचा अंदाज आकड्यांवरून येतो, स्वस्तात घेऊन महागात विकता येते, आणि समोरच्या क्लबांना व्यवहार कळतो पण जिव्हाळा कळत नाही. 1992 साली इंग्लंडमध्ये निघालेल्या ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’पासून सुरू झालेल्या दुसऱ्या घराण्यातही हेच दुखणे आहे, आणि त्याचे जुने खेळाडूही अशीच बंधने स्वतःवर घालून घेतात. वास्तववाद विकत मिळालेल्या वस्तूत पुरेसा नव्हता, म्हणून वाचकाने तो घरी तयार केला. समीक्षकाला यात रस वाटू नये तर कशात वाटावा?

बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने ‘द ग्रासहॉपर’ (1978) या पुस्तकात खेळाची व्याख्याच अशी केली आहे की अनावश्यक अडथळे आपखुशीने पत्करून ते ओलांडण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. गोल्फचा चेंडू हाताने उचलून खड्ड्यात टाकणे सोपे आहे, पण मग तो गोल्फ राहत नाही. हे मान्य. पण अडथळे तर हजार घालता येतील. त्यातला चांगला कोणता, हे सूट्सच्या व्याख्येतून कळत नाही. भाच्याच्या वहीत सर्वांत कठीण पातळीवरच खेळायचे असाही एक नियम आहे. त्याने खेळ अवघड होतो, खरा होत नाही.

याचे उत्तर मला आपल्याकडच्या एका जुन्या ग्रंथात सापडते. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त सातव्या उच्छ्वासात मंत्रगुप्त आपली हकीकत सांगतो, आणि त्या साऱ्या कथनात प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण येत नाहीत. ही कसरत म्हणून वाखाणली जाते. मला मात्र तिच्यामागचे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. प्रियेच्या दंतक्षतांनी मंत्रगुप्ताचे ओठ दुखावले आहेत, ते मिटवत नाहीत. म्हणजे बंधन लेखकाने घातले, पण ते सोसतो पात्र, आणि सोसण्याला कथेच्या आत कारण आहे. कारण काढून घ्या, उरेल ते कोडे.

व्रतांच्या बाबतीत हाच निकष मला सेवाग्रामात दिसतो. वर्ध्यापासून सात-आठ किलोमीटरवरच्या शेगावात गांधीजी 1936 साली राहायला आले. (सेवाग्राम हे नाव नंतरचे, 1940 चे.) राहण्यासाठी जी कुटी बांधायची तिचा खर्च पाचशे रुपयांच्या वर जाऊ नये, साहित्य आसपासचे असावे आणि कारागीर गावातले, अशी त्यांची अट होती. जमनालाल बजाज पाठीशी असताना पैशाची अडचण नव्हती, म्हणून अट बाहेरून आलेली नाही. पण ग्रामोद्योगाने खेडे उभे राहील असे सांगणाऱ्याने शहरातून विटा-सिमेंट आणून घर बांधले असते तर सांगणेच कोसळले असते. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी 1950 च्या सुमारास कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. पैशाचे दान घ्यायचे नाही, बैलांशिवाय ऋषिशेती करायची, स्वतःच्या श्रमाचे खायचे. तोही पैशावाचून जगता येते का हे पाहण्यासाठी होता, हाल करून घेण्यासाठी नव्हे. आश्रम आणि संगणकाचा खेळ एका तागडीत घालण्याचा माझा हेतू नाही. आश्रमात खऱ्या माणसांची भूक पणाला लागलेली होती. पण नियम कशाने सकस होतो हे विचारताना या जिल्ह्यात राहून आश्रम टाळता येत नाही.

आता वहीकडे परत. ॲकॅडमीच्या पोरांचा नियम चांगला आहे, कारण गरीब क्लब तसाच जगतो. फुटबॉलमध्ये त्याचे थोर उदाहरण स्पेनमधला ॲथलेटिक बिल्बाओ. शतकाहून अधिक काळ हा क्लब फक्त बास्क खेळाडू घेत आला आहे. कोणत्याही महासंघाने त्याला तसे सांगितलेले नाही. तरी 1929 साली स्पॅनिश लीग सुरू झाल्यापासून रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांच्याखेरीज कधीच खालच्या श्रेणीत न गेलेला तो एकमेव क्लब आहे. मात्र बास्क म्हणजे कोण, याची व्याख्या सैलावत गेली. आधी जन्म पाहत, मग तिथे घडलेलाही चालू लागला. याला मी फसवणूक म्हणणार नाही. स्वदेशीच्या व्याख्येवर वर्ध्यात काय कमी वाद झाले असतील?

वहीतला सर्वांत चांगला नियम माझ्या मते जाणाऱ्याला न अडवण्याचा. खेळात बाहेरची मागणी रोखून धरण्याची सोय आहे. ती तो वापरत नाही. तिसऱ्या हंगामात त्याचा एकोणीस वर्षांचा पुढच्या फळीतला पोरगा गेला. त्या पानावर किंमत आहे, तारीख आहे आणि पुढे अर्धे पान कोरे आहे. हिंगणघाटचा कापूस एके काळी लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या नावाने विकला जात असे आणि लँकेशायरच्या गिरण्यांत जात असे. चांगला माल इथून बाहेर जातो हे आमच्याकडे पिढ्यांचे शिक्षण आहे. भाच्याने हे काही डोक्यात धरून लिहिले नसेल. त्याच्या वर्गातली निम्मी मुले मात्र पुण्याला गेली आहेत, आणि त्याचे फॉर्म भरणे चालू आहे.

सर्वांत कच्चा नियम पाहणीचा. तीन महिने थांबायचे कारण व्यवस्थापकाला खेळाडू माहीत नसतो. पण भाच्याला तो माहीत आहे. कोणते सोळा वर्षांचे पोर पुढे सोने होणार हे त्याने आधीच्या डावात पाहिलेले असते. इथे नियम हाताला बांधू शकतो, डोक्याला नाही. विसरण्याचे व्रत घेता येत नाही. त्याने समासात लिहिले आहे, ‘ओळखीचं नाव दिसलं तर सोडून द्यायचं’. म्हणजे अज्ञान आणता येत नाही म्हणून त्याने ज्ञानावर दंड बसवला. प्रामाणिक आहे, पण वास्तव नव्हे. खरा व्यवस्थापक चांगला खेळाडू ओळखला म्हणून सोडत नाही.

आणि एकतिसावे पान. ‘रिलोड केलं. 2-1 हरलो होतो. लाइट गेली असं समजलो. गेली नव्हती.’

हे वाचून मला शेळीचे दूध आठवले. गांधीजींनी दूध न घेण्याचे व्रत घेतले होते. 1918 साली सुरू झालेल्या मोठ्या आजारपणात अंगात ताकद येईना, तेव्हा कस्तुरबांनी सुचवले की व्रत घेताना गाय-म्हैसच मनात असेल, शेळीच्या दुधाला काय हरकत? ते त्यांनी मानले, आणि आत्मकथेत कबूल केले की व्रताचे अक्षर पाळले, आत्मा गेला. योहान हायझिंगा यांच्या ‘होमो लुडेन्स’ (1938) मध्ये लबाडी करणारा आणि खेळ उधळणारा यांत भेद केला आहे. लबाडाला निदान खेळ चालू ठेवायचा असतो. (हायझिंगांचा प्रबंध संस्कृत नाटकातल्या विदूषकावर होता, ही माझ्या आवडीची माहिती.) पण साक्षीदार नसताना स्वतःशी लबाडी करून ती स्वतःच लिहून ठेवणारा या दोहोंत कुठे बसतो? सामना पुन्हा खेळून तो जिंकला होता. गुण त्याने तक्त्यात ठेवले, वहीत मात्र तीन गुण वजा करून दुसरा तक्ता आखला. तेव्हापासून दोन तक्ते चालू आहेत, आणि खरा कोणता असे विचारले तर तो वहीकडे बोट दाखवतो.

मला यावर निवाडा देण्याचा अधिकार फारसा नाही. वीसेक वर्षे परीक्षणे लिहिताना जवळच्या लेखकाच्या पुस्तकावर लिहायचे नाही असा माझा नियम होता. तो मी दोनदा मोडला. एकदा ‘ओळख आहे, मैत्री नाही’ असे म्हणून, आणि एकदा काहीच न म्हणता. दोन्ही परीक्षणे संग्रहात आहेत, त्यांच्याखाली टीप नाही. पंधरा वर्षांत ती घालावीशी वाटली नाही आणि ही वही वाचेपर्यंत त्याची आठवणही झाली नाही.

परवा पाचवा हंगाम संपला. पडद्यावर ॲक्रिंग्टन नववे, वहीत अकरावे. नव्या हंगामाच्या पानावर त्याने पाहणीचा नियम खोडून पुन्हा लिहायला घेतला आहे. अर्धे वाक्य झाले आहे. “तुम्ही सांगा मामा, कसा लिहू?” म्हणाला. मी वही दोन दिवस माझ्याकडे ठेवून घेतली आहे.