‘खूप छान, धन्यवाद!’

बँकेत बावीस वर्षं काढल्यावर माणसाचा कशावरही चटकन विश्वास बसत नाही. समोरचा कितीही गोड बोलला, तरी आमचे डोळे जामीनदार शोधत असतात. म्हणूनच की काय, पुतणीच्या लग्नासाठी फोटोग्राफर ठरवायचं काम घरच्यांनी एकमतानं माझ्या गळ्यात घातलं. (आमच्या घरात एकमत होतं ते एवढ्यापुरतंच.)

फोटोग्राफीच्या धंद्याची गंमत अशी, की माल दिसण्याआधी आगाऊ रक्कम मोजायची आणि माल बिघडला तर लग्न काही पुन्हा लावता येत नाही. मंगलाष्टकं परत म्हणायला भटजी तयार होतील, पण जावईबापूंचं काय सांगावं? तेव्हा आधीच्या गिऱ्हाइकांचे अभिप्राय हाच काय तो जामीन.

मोबाइल घेऊन मी शंभरेक अभिप्राय भक्तिभावानं वाचले. वाङ्मयप्रकार म्हणून पाहिलं तर वैविध्य बेताचंच. ‘खूप छान, धन्यवाद!’ ‘अप्रतिम!!’ ‘दादांचा स्वभाव फार चांगला.’ अहो, स्वभाव जावयाचा बघायचा. फोटोग्राफरचे फोटो कसे आहेत ते सांगा ना! त्यात एक मात्र हिरा सापडला. ‘ऐन मुहूर्ताला दिवे गेले, तरी ह्यानं अंतरपाटाचा फोटो चुकवला नाही. अल्बमला तीन महिने लावले.’ तारे तीन. मला विचाराल तर पाच ताऱ्यांचे नव्व्याण्णव एका पारड्यात आणि हा एक दुसऱ्यात. कारण ह्यात जमा आणि नावे, दोन्ही रकाने भरलेत. नुसतीच जमा दाखवणारं खातं पाहिलं की आमचा ऑडिटर खुर्चीत सरळ बसतो.

तसं हे शिफारशीचं प्रकरण जुनंच. राजा दीनदयाळांना व्हिक्टोरिया राणीनं १८९७ साली आपला छायाचित्रकार म्हणून सनद दिली. त्यांच्या नावामागचं ‘राजा’सुद्धा निजामानं दिलेलं, म्हणजे गिऱ्हाइकाचाच अभिप्राय. पण तिथं गिऱ्हाईक कोण, हे जगाला ठाऊक होतं. आता लिहिणारा खरंच माणूस आहे की नाही इथपासून शंका. शेवटी २०२२ साली भारतीय मानक ब्यूरोला ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ नावाचं मानक काढावं लागलं. म्हणजे कौतुकालाही केवायसी आलं!

हे सगळं वाचताना मला माझाच एक अभिप्राय आठवला. २०१४ साली धाकट्या बहिणीचं लग्न झालं. फोटोग्राफरच्या दुकानात अभिप्रायाची वही असायची. अल्बम हातात पडल्या पडल्या मी तिच्यात झोकात लिहिलं होतं, ‘पाच आठवडे उशीर. वरपित्यांचे फोटो कमी. बाकी ठीक.’

२०१९ मध्ये आई गेली. भिंतीवर लावायला तिचा फोटो शोधायला बसलो, तेव्हा कळलं की बाईनं जन्मभर कॅमेऱ्यासमोर रेशनकार्डाचा चेहरा केला होता. हसरा फोटो एकच. पंगतीत जिलबी वाढताना कुणीतरी काहीतरी बोललंय आणि तिचा पदर तोंडाशी पोचायला क्षणभर अवकाश आहे. तेवढा क्षण त्यानं टिपला होता. अल्बमचं शेवटून दुसरं पान. वरपित्यांचे फोटो मोजण्याच्या नादात मी ते भरकन उलटलं होतं.

फोटो ही मुदत ठेव असते हो! आणि आपण दुसऱ्याच आठवड्यात पासबुक पुढं करून विचारतो, व्याज किती झालं?

पुतणीच्या लग्नाचं काम त्यालाच दिलं. आगाऊ रक्कम मोजून झाल्यावर मी चाचरत जुन्या वहीचं विचारलं. त्यानं कपाटातून काढली आणि काही न बोलता माझंच पान उघडून समोर ठेवलं. पान शोधावं लागलं नाही त्याला.

मी जुना शेरा खोडला आणि खाली लिहिलं, ‘आईचा फोटो मिळाला.’ मग सवयीनं शेजारी सही केली. खाडाखोड झाली की सही लागतेच.