सहा माणसं, चाळीस दिवस आणि एव्हरेस्टवरची भूक

मागच्या दिवाळीत ढोकीला गेलो होतो, तेव्हा मामेबहिणीने एक कागद समोर धरला. तिची उत्तरकाशीच्या गिर्यारोहण कोर्ससाठी निवड झाली होती आणि कुणीतरी तिला आहाराचा तक्ता दिला होता. त्यात लिहिलं होतं: उंचीवर शरीर गोड मागतं, म्हणून आतापासूनच कर्बोदकं वाढवा. "दादा, बरोबर हाय का?" मी मोबाइल काढला, 'ऑपरेशन एव्हरेस्ट टू' हे नाव दिसलं आणि सांगून मोकळा झालो, "हो, यावर संशोधन झालंय." मामी आतून म्हणाली, "भाकरी सोडून काय काय खायला लावायलेत पोरीला!"

पुण्याला परत आल्यावर तो शोधनिबंध नीट वाचला. तुम्ही पीएचडीच्या तयारीत असाल, तर माझी ही चूक बघून ठेवा.

प्रयोग 1985 चा, अमेरिकेतल्या नॅटिकचा. आठ तरुण पुरुषांना दाब कमी करता येणाऱ्या खोलीत ठेवलं आणि चाळीस दिवसांत हवेचा दाब हळूहळू एव्हरेस्टच्या माथ्याइतका खाली आणला. शेवटपर्यंत सहाच जण टिकले. 1988 मध्ये आहाराचे निष्कर्ष छापून आले. रोजचं खाणं सरासरी 3136 किलोकॅलरीवरून 1789 वर आलं, वजन सरासरी 7.4 किलो घटलं आणि त्यातला मोठा वाटा चरबीचा नव्हताच. आता गंमत बघा. त्यांच्या जेवणातला कर्बोदकांचा वाटा 62 टक्क्यांवरून 53 वर उतरला होता. म्हणजे ज्या प्रयोगाचं नाव घेऊन मी 'हो' म्हटलं, तो नेमकं उलटं सांगत होता. हे सारांशातच छापलेलं आहे. मी तेवढाही वाचला नव्हता.

निबंधाची ताकद मान्य करायलाच हवी. खऱ्या मोहिमेत माणूस थंडीने, दमणुकीने की बेचव डबाबंद अन्नाने कमी खातो, हे वेगळं करता येत नाही. इथे खोली उबदार होती आणि जेवण आवडीचं, तरी भूक मेली. म्हणून लेखकांनी बोट ठेवलं ते विरळ ऑक्सिजनवर.

पण पद्धतीचा भाग वाचताना मी दोन ठिकाणी अडकलो. एक तर तुलनेचा गट नाही. तितकेच दिवस, तशाच बंद खोलीत, पण साध्या दाबात कुणालाच ठेवलं नव्हतं. उंची आणि दिवस दोन्ही एकदमच वाढत गेले. मग पस्तिसाव्या दिवशी जेवण कमी झालं ते उंचीमुळे की कोंडून घेतल्यामुळे? त्यात हृदयात नळी घालून मोजमापं, स्नायूचे तुकडे काढणं. अशात कुणाला भूक लागेल? तरीही विरळ ऑक्सिजनचा परिणाम खरा असावा असं मला वाटतं, कारण घट फार मोठी आहे. फक्त तो एकटाच कारण आहे, एवढं या रचनेतून सिद्ध होत नाही.

दुसरं, आणि मला जास्त टोचणारं: हा प्रयोग तयारीबद्दल नाहीच. आधी काय खाल्लं म्हणजे वर फायदा होतो, हे त्यात तपासलेलंच नाही. शिवाय सहाही पुरुष. माझी बहीण वीस वर्षांची मुलगी. उंचीवर शरीर नवीन लाल पेशी बनवतं, त्यासाठी लोह लागतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्या तक्त्यात बदाम होते, प्रोटीन पावडर होती. रक्त तपासा, असं एका ओळीतही नव्हतं.

तक्ता आणखी एका बाबतीत फसवा होता. रोज धावा, मग उंचीचा त्रास होणार नाही, असा त्याचा सूर. धावल्याने दम वाढतो, चढणं सोपं जातं, पण धडधाकट माणसालाही डोंगराचा आजार होतो. कळसूबाई 1646 मीटर. दर रविवारी चढलात तरी पाच हजार मीटरची सवय तिथे लागत नाही. ती वरच लावावी लागते: 3000 मीटरच्या पुढे मुक्काम एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वर न्यायचा नाही आणि दर तीन-चार दिवसांनी थांबायचं. आपण सपाट मुलखातले म्हणून हे जमणार नाही असं मात्र नाही. 2018 मध्ये चंद्रपूरच्या आश्रमशाळांची पाच मुलं एव्हरेस्टवर पोचली होती.

मी फोन करून बहिणीला सांगितलं की मी चुकीचं बोललो, आधी रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन 10.2 निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला बोलावलंय. तोवर तिने कोर्सची तुकडी पुढे ढकलली आहे. माझ्याशी चार दिवस नीट बोलली नाही.