न मागता कानी आलेलं

रेडिओवरच्या 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकेतले टेकाडे भावजी दिसायला कसे असतील यावरून आमच्या घरात वाद होत. आईच्या मते ते उंच, किडकिडीत. वडिलांना ते ठेंगणे आणि गोलसर वाटत. बाळ कुडतरकर, प्रभाकर जोशी आणि नीलम प्रभू यांनी मुंबई आकाशवाणीच्या स्टुडिओत नुसत्या आवाजांनी जो संसार थाटला होता, त्यात प्रत्येक श्रोत्याने आपापल्या परीने रंग भरलेले असत.

श्रुतिका संपल्यावर रेडिओ बंद करायला कुणी उठत नसे, म्हणून पुढचं रूपक कानावर पडे. मग एखादी काव्यचर्चा, मग शेतीवरचा संवाद. यातलं काहीच आम्ही मागितलेलं नसे. माझ्या लेखी शब्दप्रधान रेडिओची खरी कमाई हीच होती. आज श्राव्य पुस्तकं आहेत, पॉडकास्ट आहेत, त्यांतले काही उत्तम आहेत. पण रहस्यकथा आवडणाऱ्याला तिथे रहस्यकथाच भेटत राहते. बीबीसीने २९ सप्टेंबर १९४६ रोजी 'थर्ड प्रोग्रॅम' सुरू केला तो फक्त संध्याकाळपुरता, आणि त्यात नाटक, व्याख्यान, संगीत यांचे ठरावीक रकाने मुद्दाम ठेवले नव्हते. श्रोत्याने अनोळखी गोष्टीजवळही थबकावं, असा तो हिशेब होता.

आकाशवाणीवर श्रुतिका अजून होतात, त्या मी ऐकतो, आणि बऱ्याचदा हळहळतो. नट उत्तम असतात. पण ते शेवटच्या रांगेसाठी बोलतात, आणि रेडिओच्या श्रोत्याचा कान तर मायक्रोफोनला चिकटलेला असतो. माजघर, अंगण, एसटी स्टँड, सगळं एकाच बंद खोलीत घडल्यासारखं वाजतं. पात्र लांबून बोलत जवळ आलं, असं क्वचितच होतं. संवादांच्या खाली सतार किंवा बासरी अखंड चालू असते, कारण शांततेची भीती वाटते. वास्तविक रेडिओवर दोन सेकंदांची शांतता म्हणजे रंगमंचावरचा अंधार.

सॅम्युअल बेकेटचं 'ऑल दॅट फॉल' बीबीसीवर जानेवारी १९५७ मध्ये झालं, तेव्हा निर्माते डोनाल्ड मॅकव्हिनी यांनी गाई-मेंढ्यांचे खरे आवाज न वापरता ते माणसांकडून काढून घेतले. नाटकातल्या म्हातारीच्या वाटेवरचं सगळं जग तिच्या डोक्यात घडतंय की बाहेर, हा प्रश्न त्या नकली हंबरण्याने उभा केला. या नाटकाच्या ध्वनींसाठी जी खटपट झाली, तिच्यातूनच पुढच्या वर्षी बीबीसीची रेडिओफोनिक कार्यशाळा उभी राहिली. ध्वनी हा लेखनाचाच भाग आहे, सजावट नाही, एवढं कळायला आपल्याला परदेशात जायची गरज नव्हती. किर्र रात्री गोष्ट सांगताना आवाज उतरवणारी माणसं आपल्या घरातच होती.

रूपकाची अवस्था मला जास्त लागते. मेलविल डिमेलो यांच्या गीरच्या सिंहांवरच्या रूपकाला १९६४ साली 'प्री इटालिया' पारितोषिक मिळालं, म्हणजे ही विद्या आकाशवाणीला येत होती. आता रूपक म्हणजे निवेदकाने वाचलेला निबंध, मध्ये दोघांचे अभिप्राय. ज्या माणसाबद्दल बोलायचं त्याच्या कामाचा आवाज कुठेच नसतो. कुंभारावरच्या रूपकात चाक ऐकू येत नाही.

आणि लेखक? रत्नाकर मतकरींची पहिली एकांकिका 'वेडी माणसं' १९५५ साली मुंबई आकाशवाणीवरून प्रसारित झाली, तेव्हा ते सोळा-सतरा वर्षांचे होते. पु. ल. देशपांडे, व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्रात नोकरीला होते. लिहिणारा माणूस स्टुडिओच्या आतच बसलेला असे. आज गाजलेलं नाटक कापून अर्ध्या तासात बसवलं, की त्याला नभोनाट्य म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात आम्ही दहा-बाराजण एका मित्राच्या घरी दिवे मालवून एक जुनी श्रुतिका ऐकत बसलो. मित्राचा बारावीतला मुलगा आतून पाणी न्यायला आला आणि दारातच उभा राहिला. संपल्यावर त्याने विचारलं, "त्या आजीबाईंच्या खोलीला खिडकी होती ना?" खिडकीचा उल्लेख श्रुतिकेत कुठेच नव्हता. मित्राची बायको ठामपणे म्हणाली, "होती, डाव्या हाताला."