निर्माल्य : शब्द, द्रव्य आणि कलाकृती

उत्सव सरल्यावर उरलेल्या वस्तूंपासून घडविलेल्या कलाकृतींची चर्चा बहुधा ‘टाकाऊतून टिकाऊ’ या सूत्रापाशी सुरू होते आणि तेथेच थांबते. यमकामुळे हे सूत्र जिभेवर चटकन बसते हे खरे. परंतु देवाला वाहिलेले फूल टाकाऊ आहे हे त्यात गृहीतच धरलेले असते. मराठी भाषा ते मान्य करीत नाही.

घरातला केर तो कचरा, ताटात राहिले ते उष्टे, देवापुढून परत हाती आला तो प्रसाद. देवावरून उतरविलेले फूल यांपैकी कशातच बसत नाही, म्हणून त्यास ‘निर्माल्य’ हा स्वतंत्र शब्द आहे. त्याचा उपयोग संपलेला असतो, मान संपलेला नसतो. शिवमहिम्नस्तोत्राचा कर्ता मानला गेलेला पुष्पदंत गंधर्व शिवनिर्माल्य तुडविल्यामुळे आपली दिव्य शक्ती गमावून बसला, या कथेच्या मुळाशी हाच संकेत आहे. उलट, ‘आयुष्याचे निर्माल्य झाले’ असे म्हणताना तोच शब्द केवळ कोमेजणे सुचवितो. पावित्र्य आणि ऱ्हास असे दोन्ही अर्थ एका शब्दात नांदतात. पूजाविधीशी व सौभाग्याशी निगडित इतर वस्तूंविषयीही भाषा अशीच जपून बोलते: नारळ ‘वाढवितात’, बांगडी ‘वाढते’, दिवा ‘मालवितात’ किंवा ‘शांत करतात’, गणपती ‘गावाला जातात’. फुटणे, विझणे, बुडणे ही क्रियापदे व्याकरणाला चालतात, व्यवहाराला चालत नाहीत.

निर्माल्यापासून झालेल्या कलाकृतीचे मूल्यमापन या अर्थव्यवस्थेच्या आत राहूनच व्हावयास हवे. मुंबईतील ‘आदिव प्युअर नेचर’ या रंगशाळेने सिद्धिविनायक मंदिरातील फुले वापरून केलेले कापड या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. अशा कामाच्या सर्वसाधारणपणे दोन रीती आहेत. एकीत झेंडूच्या पाकळ्या उकळून अर्क काढतात व त्यात कापड बुडवितात. तुरटीच्या संस्काराने पिवळा रंग उतरतो, हिराकस घातल्यास तो काळपट हिरव्याकडे झुकतो. दुसरीत ओल्या कापडावर पाकळ्या पसरून कापड घट्ट गुंडाळतात, दोऱ्याने आवळतात आणि वाफेवर ठेवतात. गुंडाळी सोडली की पाकळी जेथे होती तेथे तिचा डाग उमटलेला असतो.

पहिल्या रीतीचे कापड देखणे असते, पण त्याचा एकसारखा पिवळा रंग बाजारातून आणलेल्या झेंडूनेही आला असता. तो देवळातून आला हे कापड सांगत नाही, त्याला लावलेली चिठ्ठी सांगते. कलाकृतीचा आशय चिठ्ठीत राहत असेल तर समीक्षकाने चिठ्ठीचीच समीक्षा करावी हे बरे! दुसऱ्या रीतीविषयीही हाच आक्षेप काही अंशी संभवतो, कारण ताज्या पाकळीचा ठसाही ठसाच. तथापि देवळातून येणारी रास निवडून आणलेली नसते. अर्धवट सुकलेला झेंडू, दबलेला गुलाब, मध्येच दूर्वा, तुळशीची पाने, हाराचा एखादा दोरा अशी तिची घडण असते. रचनेचा पहिला भाग रंगाऱ्याने नव्हे, तर अनेक अनोळखी भक्तांनी केलेला असतो. रंगारी ही सरमिसळ पुसून न टाकता वागवितो तेव्हा द्रव्याचा इतिहास रूपातच वाचता येतो. जुन्या लुगड्यांच्या गोधडीत ठिगळांचे काठ ओळखू येतात, त्या जातीचा हा गुण आहे.

आणखी एक साम्य सहसा कोणी सांगत नाही. रूढीने निर्माल्याची पाठवणी पाण्यात होते. रंगाच्या भांड्यातही फूल पाण्यातच जाते आणि तेथेच आपला आकार सोडते. नदीचे काम भांडे करते. त्यामुळे ही कला विधीचा भंग करते असे म्हणण्यापेक्षा विसर्जनाची जागा बदलते असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. नदीकाठी निर्माल्य कलश मांडण्यामागेही हीच जाणीव आहे. मात्र त्यात पडलेल्या राशीतून प्लास्टिक व दोरे वेगळे करणारे हात या कलेच्या वर्णनात क्वचितच येतात. पुण्यातील विसर्जन घाटांवर ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद स्त्रिया हे काम करतात. कोणते फूल कापडावर जाईल आणि कोणते खतात, याची पहिली निवड अशा हातांनी होत असते.

खरी कसोटी कापड रंगशाळेबाहेर पडल्यावर लागते. त्याचा शेला झाला तर खांद्यावर घेण्यात संकेताला बाध येत नाही. देव्हाऱ्याचा पडदा झाला तर फूल आपल्याच घरी परतले. पण त्याच कापडाचे पायपुसणे केले तर? रंगारी म्हणेल, आता ते फूल राहिलेले नाही, केवळ रंग आहे. हा युक्तिवाद मान्य करावयाचा तर विक्रीच्या वेळी देवळाचे नाव घेता येणार नाही; आणि देवळाचे नाव घ्यावयाचे तर ते कापड उंबऱ्याशी अंथरता येणार नाही.