इगुमेन दानीलची 'यात्रा': साक्ष, श्रद्धा आणि साहित्यमूल्य

धर्मगुरूंच्या प्रवासलेखनाकडे बहुधा भूगोलाचे अथवा धर्मेतिहासाचे साधन म्हणून पाहिले जाते. परिणामी त्यातील साहित्यगुणांची चिकित्सा मागे पडते. जुन्या रशियन साहित्यातील दानीलची 'यात्रा' या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. दानील हा इगुमेन, म्हणजे ऑर्थोडॉक्स मठाचा प्रमुख. १०९९ मध्ये क्रुसेडच्या सैन्याने जेरुसलेम जिंकल्यानंतर, १२व्या शतकाच्या पहिल्या दशकात, राजा पहिला बाल्डविन याच्या कारकिर्दीत तो तेथे गेला आणि सोळा महिने राहिला.

दानील स्वतःस अपात्र व पापी म्हणवतो. ही मध्ययुगीन लेखनाची रूढी होय. तथापि तिच्यासोबत डोळ्यांनी पाहिलेलेच सांगण्याचा त्याचा आग्रह आहे. तो अंतरे देतो, वास्तूंची मापे नोंदवतो. घरी राहिलेल्या श्रद्धावंतांनाही यात्रेचे पुण्य लाभावे, हा त्याचा हेतू आहे. म्हणूनच जॉर्डन नदीचे वर्णन करताना तो मायदेशातील स्नोव्ह नदीची आठवण देतो. पवित्र नदी ओळखीच्या नदीशेजारी येताच न पाहिलेला प्रदेश वाचकाच्या अनुभवकक्षेत येतो. येथे उपमा हेच ज्ञानाचे माध्यम ठरते.

ईस्टरच्या पूर्वसंध्येस ख्रिस्ताच्या थडग्यावर अवतरणाऱ्या पवित्र अग्नीचा प्रसंग या कृतीचा उत्कर्षबिंदू आहे. अग्नी कबुतराच्या वा विजेच्या रूपाने येतो, ही लोकवदंता दानील स्पष्टपणे नाकारतो. मात्र त्याच ओघात तो सांगतो की, रूसच्या समस्त भूमीच्या वतीने त्याने ठेवलेला दिवा, तसेच ग्रीकांचा व संत साबा मठाचा दिवा आपोआप पेटला. वर टांगलेल्या लॅटिनपंथीयांच्या दिव्यांपैकी एकही पेटला नाही. बाल्डविनच्या सौजन्याची मनापासून प्रशंसा करणारा लेखक १०५४च्या धर्मफुटीची रेषा येथे मुकाट्याने ओढतो.

इतिहासकाराच्या दृष्टीने हा पक्षपात साक्षीचे मोल उणे करील. साहित्यसमीक्षेला मात्र तो दुर्लक्षिता येणार नाही आणि केवळ दोष म्हणून बाजूलाही सारता येणार नाही. कारण चिकित्सक दृष्टी आणि पंथनिष्ठा एकाच निवेदकात कशा नांदतात, हे त्यातूनच उलगडते. जिंकलेल्या नगरातील पराभूतांचे जीवन या निवेदनात जवळजवळ येत नाही, ही त्याची मोठी मर्यादा होय. दानीलला काय दिसले आणि काय दिसू शकले नाही, या दोहोंचा एकत्र विचार झाला, तरच 'यात्रा' साहित्य म्हणून वाचली गेली असे म्हणता येईल.