स्ट्रँडचे शोकलेख पाथरीत वाचताना

फेब्रुवारी २०१८च्या अखेरीस मुंबईच्या फोर्टातलं स्ट्रँड बुक स्टॉल बंद झालं. त्या आठवड्यात माझ्या फोनवर त्याच्यावरचे लेख एकामागून एक येत होते. थोडे मराठीत, बरेचसे इंग्रजीत. पाथरीत बसून मी ते सगळे वाचून काढले, आणि सातव्या-आठव्या लेखापासून पुढचा परिच्छेद काय असणार हे आधीच कळायला लागलं. आधी वडिलांचं बोट धरून दुकानात गेल्याची आठवण. मग पुस्तकांचा वास. (वास प्रत्येक लेखात होता.) मग शानभाग किती दिलदार होते त्याचा एखादा प्रसंग, मग ऑनलाइन कंपन्यांच्या नावाने बोटं मोडणं, आणि शेवटी एक उसासा.

लेखनाचा हा एक प्रकारच झालाय. पुण्यातलं मॅनीज २०१२ साली गेलं तेव्हा असेच लेख आले. २०१६मध्ये काळा घोड्याचं रिदम हाऊस गेलं तेव्हाही आले, तिथे पुस्तकांच्या जागी फक्त रेकॉर्डी होत्या. या लेखांतल्या दुःखाबद्दल मला शंका नाही. ते खरंच आहे. माझी तक्रार आहे ती या लेखांमध्ये दुकान कुठेच नसतं ही.

म्हणजे काय, ते स्ट्रँडवरूनच बघू. टी. एन. शानभागांनी १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात एका छोट्याशा जागेत पुस्तकं विकायला सुरुवात केली. दुकानाला नाव मिळालं ते त्या थिएटरचं. पुढे ते फोर्टात सर पी. एम. रोडवर आलं. शानभागांना २००३ साली पद्मश्री मिळाली, २००९ साली ते गेले. तरुणपणी एका दुकानात पुस्तकं चाळताना त्यांना हटकलं गेलं, म्हणून कोणालाही न हटकणारं दुकान त्यांनी काढलं, ही गोष्ट सगळे लेख सांगतात. छापील किमतीवर सरसकट वीस टक्के सूट मिळायची, हेही सगळे सांगतात. पण सांगतात ते शानभागांच्या मनाचा मोठेपणा म्हणून.

मला तिथेच अडायला होतं. सूट हा मोठेपणा असेलही, पण आधी तो धंदा होता, आणि हुशार धंदा होता. विक्रेत्याला प्रकाशकाकडून किंवा वितरकाकडून साधारण तीस-चाळीस टक्के मिळतात. त्यातले वीस गिऱ्हाइकाला देऊन टाकायचे आणि उरलेल्यात पगार, वीज, न खपलेला माल सगळं भागवायचं, तर विक्री भरपूर लागते. स्ट्रँडने ती दर वर्षीच्या सुंदराबाई हॉलमधल्या मोठ्या सेलने आणि भरवशाच्या गिऱ्हाइकांवर उभी केली. म्हणजे छापील किंमत ही शेवटची किंमत नसते, हे मुंबईच्या वाचकाला स्ट्रँडनेच शिकवलं. पुढे ज्यांचा खिसा तोटा सोसण्याइतका खोल होता त्यांनी तोच धडा चालवला, आणि वाचक तिकडे गेला. या लेखांचे लेखकसुद्धा गेले. तसं कबूल करणारा एकही लेख माझ्या वाचनात आला नाही.

मी कबूल करतो. पाथरीत पिनकोड टाकून पुस्तक घरी आलं तेव्हा मला कोणाचाही गळा दाबल्यासारखं वाटलं नाही. हवं ते पुस्तक परभणीत मिळालं तर मिळालं, नाहीतर औरंगाबादला जाणाऱ्या कोणाच्या तरी हातात चिठ्ठी द्यायची, अशात मी वाढलो. शोकलेखांतलं 'आपण' माझ्यापर्यंत पोचत नाही. पाथरीचं नाव देशभरच्या बातम्यांत आलं ते जानेवारी २०२०मध्ये, साईबाबांचं जन्मस्थळ म्हणून, आणि त्यावर शिर्डीने बंद पाळला. पुस्तकांसाठी आमचं नाव कोण घेणार?

तरी स्ट्रँडमध्ये मी एकदा गेलोय. २०११ साली एका परीक्षेसाठी परभणीहून देवगिरीने रात्रभर प्रवास करून मुंबईला उतरलो, आणि पेपर झाल्यावर विचारत विचारत फोर्टात पोचलो. खिशात चारशे रुपये. शानभाग तेव्हा हयात नव्हते. काउंटरवरच्या एका काकांनी विचारलं, काय वाचता? मी म्हटलं, मराठी सगळं, इंग्रजी अडखळत. ते हसले नाहीत. आत जाऊन कथांचं एक पातळ पुस्तक घेऊन आले आणि म्हणाले, यातली तिसरी गोष्ट आधी वाचा, पहिली अवघड आहे. घासाघीस करायची म्हणून मी मनात वाक्य जुळवत होतो, तर बिलात सूट आधीच वजा केलेली. थोडा हिरमोडच झाला.

तिसरी गोष्ट आधी. हे मला नंतर कोणत्याही अ‍ॅपने सांगितलं नाही. हे पुस्तक घेणाऱ्यांनी आणखी काय घेतलं, एवढंच ते सांगतं. त्या काकांनी ते पुस्तक वाचलं होतं आणि अर्ध्या मिनिटात मला जोखलं होतं. माझ्या मते गेलं ते हे कसब. पण शोकलेखांत काउंटरमागची माणसं जवळजवळ नाहीतच. मालक आहे, नामवंत गिऱ्हाइकं आहेत. गठ्ठे सोडणारा, कोणतं पुस्तक कोणासाठी बाजूला ठेवायचं ते लक्षात ठेवणारा नोकरवर्ग ओळीभरातही मावत नाही. दुकान बंद झाल्यावर ती माणसं कुठे गेली, हे एकाही लेखकाने जाऊन विचारलेलं दिसलं नाही.

आमच्याकडेही एक दुकान होतं. जूनमध्ये वह्या आणि गाइडं, लग्नसराईत पत्रिका, आणि मागच्या फळीवर दिवाळी अंक, कादंबऱ्या. दुकानदार भाऊ मला अंक घरी नेऊ द्यायचे, पान दुमडायचं नाही एवढ्या अटीवर. ते बंद झालं त्या वर्षी मी शिकायला बाहेर होतो. सुट्टीत आलो तर तिथे मोबाईलची कव्हरं लटकत होती. मागची फळी तशीच होती, तिच्यावर चार्जर मांडले होते. मी एक घेतला.